आपली मुलं 'तिकडे' करतात तरी काय?



गणपती असो की दिवाळी, जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या गप्पा शाळा, नोकरी आणि भारताच्या तिकिटांचे भाव अशी वळणं घेत शेवटी एका विषयावर येतातच. "आमचा एकदा त्या गेममध्ये शिरला की चार हाका मारल्याशिवाय बाहेर येत नाही." "आमची परवा ड्रॅगनशी लढत होती, आणि इकडे वरणभात निवून गेला!" मग कुणीतरी म्हणतं, "एवढं आहे तरी काय त्यात?" पुढचा माणूस पापड उचलतो आणि विषय तिथेच संपतो.

या वेळी आम्ही तो विषय थोडा पुढे न्यायचं ठरवलं आहे. हे खेळ चांगले की वाईट याचा निकाल द्यायचा आमचा विचार नाही. पण ज्या दुनियेत आपली मुलं आठवड्यातले कित्येक तास घालवतात, तिची निदान तोंडओळख आपल्याला असावी, एवढाच हेतू. 'स्कायरिम', 'विचर', 'झेल्डा', 'एल्डन रिंग' ही नावं घरात कानावर पडत असतील, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

खुली दुनिया म्हणजे काय?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यातला व्हिडिओ गेम म्हणजे मारिओ. डावीकडून उजवीकडे पळायचं, खड्डे चुकवायचे, जीव संपले की खेळ खलास. रस्ता ठरलेला आणि शेवटही ठरलेला.

'ओपन वर्ल्ड फँटसी रोल-प्लेइंग गेम' या लांबलचक नावात तीन गोष्टी आहेत. ओपन वर्ल्ड म्हणजे एक सलग मोठा प्रदेश. डोंगर, नद्या, गावं, गुहा, पडके किल्ले असं सगळं त्यात असतं आणि कुठेही, कधीही, कुठल्याही क्रमाने जायला मोकळीक असते. फँटसी म्हणजे जादू, राक्षस, ड्रॅगन, शापित तलवारी. आणि रोल-प्लेइंग म्हणजे सोंग घेणं. आपण एक पात्र निवडायचं, त्याचं नाव, रूप, जात-जमात ठरवायची आणि त्याच्या नजरेतून ती दुनिया जगायची. मुख्य कथानक असतंच, पण त्याला बांधून घ्यायची सक्ती नसते. राज्य वाचवायला निघालेला वीर वाटेत कुणा म्हातारीची हरवलेली पोथी शोधत बसतो, फुलपाखरं पकडतो, स्वयंपाक करतो, घर बांधतो. महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. मूळ कथा बाजूला राहते आणि उपकथेतून उपकथा निघत जातात, तसाच हा प्रकार!

थोडा इतिहास

या खेळांचं मूळ एका पुस्तकात आणि एका टेबलावर आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली आणि भाषा, नकाशे, वंशावळ्या असलेली एक आख्खी काल्पनिक दुनिया वाचकांना मिळाली. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ आणला. टेबलाभोवती बसलेले मित्र गोष्ट ऐकत नसत, ती सगळे मिळून घडवत. कॉम्प्युटर घरोघरी आले तसा हाच खेळ पडद्यावर आला.

त्यात आपला एक शब्दही आहे, बरं का. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतल्या आधीच्या खेळांवर पालकांची नाराजीची पत्रं आली. त्यानंतर १९८५ च्या चौथ्या खेळात त्यांनी खलनायकच काढून टाकला. खेळाडूने करुणा, प्रामाणिकपणा, नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे, हेच त्या खेळाचं ध्येय. तो पूर्ण करणाऱ्याला काय म्हणायचं? तर 'अवतार'! आज कॉम्प्युटरवरच्या आपल्या प्रतिमेला जगभर 'अवतार' म्हणतात, त्या वापराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर हा खेळ आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स' ही मालिका सुरू केली. तिचा १९९६ चा दुसरा भाग प्रचंड मोठ्या प्रदेशात घडतो, पण तो बहुतेक सगळा कॉम्प्युटरने आपोआप तयार केलेला होता, त्यामुळे एक गाव दुसऱ्यासारखंच दिसायचं. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये कंपनीने उलटा मार्ग धरला. प्रदेश खूप लहान केला, पण गावं, गुहा, माणसं हाताने घडवली. हा मार्ग मानवला. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' आणि ११ नोव्हेंबर २०११ ला 'स्कायरिम' आला. २०२३ पर्यंत 'स्कायरिम'च्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

डोंगर दिसला की चढायचा

गंमत अशी की 'स्कायरिम'चा सगळा प्रदेश मोजला तर ४० चौरस किलोमीटरच्या आतच भरतो. तरी खेळताना तो देशाएवढा वाटतो. का? कारण वाट कधी सरळ जात नाही. मध्ये डोंगर आडवा येतो, वळण घेतलं की पडका बुरूज दिसतो, त्याच्या मागून धूर येत असतो, आणि मग मूळचं काम राहतं बाजूला!

याचंही एक शास्त्र आहे. निन्तेंडोचा 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) बनवणाऱ्यांनी सगळा भूप्रदेश त्रिकोणांच्या हिशोबाने रचला. समोर टेकडी आली की खेळाडूपुढे दोन पर्याय: चढायची की वळसा घालायचा. वळसा घातला की टेकडीमागे लपलेलं काहीतरी हळूहळू डोळ्यांसमोर येतं, आणि चढलं तर माथ्यावरून चार नवीन ठिकाणं दिसतात. म्हणजे दर वेळी एक कुतूहल शमायच्या आत दुसरं तयार! 'झेल्डा'चे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी जपानमधल्या आपल्या गावाभोवतीच्या रानात, गुहांत भटकायचे. त्या भटकंतीचा आनंद मुलांना देता यावा म्हणून १९८६ चा पहिला 'झेल्डा' जन्माला आला.

सह्याद्रीत ज्यांनी पायपीट केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. एका गडाच्या माथ्यावरून दुसरा दिसतो आणि पाय शिवशिवायला लागतात, ती हीच ओढ. 'स्कायरिम'मध्ये एका उंच पर्वतावर जोगी लोकांचा मठ आहे. तिथे नेणाऱ्या वाटेला 'सात हजार पायऱ्या' म्हणतात. मोजायला गेलात तर सात हजार काही भरत नाहीत. आपल्या जेजुरीलाही नवलाख पायरी म्हणतातच की! वाटेत यात्रेकरूंसाठी शिलालेख आहेत, ते वाचत, थांबत, बर्फातून वर जायचं. आपल्या आजीला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

शिवाय इथे मेहनतीचं फळ डोळ्यांना दिसतं. 'स्कायरिम'मध्ये जे काम करावं त्यात कसब वाढतं. तलवार चालवली की तलवारीत, औषधी मुळ्या वाटल्या की औषधांत, घासाघीस केली की व्यापारात. शाळेत सहा महिने घासल्यावर एक ग्रेड मिळते, ती मनासारखी असेलच असं नाही. इथे मात्र घाव घातला की आकडा वाढतो. हे समाधान खरं आहे, आणि ते फार सहज मिळतं हा त्यातला धोकाही खराच आहे.

परक्या गावातला परका

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना या दुनियांमध्ये स्वतःचं काहीतरी सापडतं, असं आम्हाला वाटतं.

'मॉरोविंड'ची सुरुवातच बघा. खेळाडू जहाजातून एका बेटावरच्या दलदलीतल्या बंदरात उतरतो. सुरुवातीलाच त्याचं नाव, जमात, जन्मरास विचारून घेतली जाते. (इमिग्रेशनचा काउंटर आठवला ना?) बाहेर पडलं की तिथली माणसं त्याला तोंडावर 'आउटलँडर' म्हणतात, म्हणजे उपरा. रीतिरिवाज ठाऊक नाहीत, देव ओळखीचे नाहीत, कोणत्या घराण्याचं कोणाशी वैर आहे त्याचा पत्ता नाही. पडद्यावर दिशा दाखवणारा बाणही नाही. कुणी सांगतं, "नदीच्या काठाने उत्तरेला जा, फाटा लागला की डावीकडे वळ," आणि ते वहीत वाचत वाचत जायचं, चुकायचं, परत यायचं. प्रवासाला एका अवाढव्य किड्याची सवारी आहे, ती आपल्या एस.टी.सारखी ठराविक गावांमध्येच जाते! हळूहळू कुणाचं काम करून, कुणाचा शब्द पाळून तो उपरा तिथला मानाचा माणूस होतो. आपल्यापैकी प्रत्येकाने या देशात पहिल्या वर्षी हेच केलं. फरक इतकाच, की आपल्याकडे खेळ सेव्ह करायची सोय नव्हती.

'स्कायरिम'मध्ये विंडहेम नावाचं एक जुनं, बर्फाळ शहर आहे. खेळाडू वेशीतून आत शिरतो तेव्हा दोन स्थानिक माणसं एका बाईला दटावत असतात. ती डार्क एल्फ जमातीची असते. तिच्या लोकांच्या देशात ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा ते निर्वासित म्हणून इकडे आले. शहराच्या एका अंधाऱ्या पेठेत ते दाटीवाटीने राहतात. गावावर संकट आलं की पहिला संशय त्यांच्यावर. दुसऱ्या एका जमातीला तर तटबंदीच्या आत राहायलाच बंदी आहे, त्यांनी गोदीत राबायचं आणि गोदीतच झोपायचं. आणि याच शहराचा सरदार आपल्या लोकांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी साम्राज्याशी लढत असतो! खेळाडूने ठरवायचं, कुणाच्या बाजूने उभं राहायचं. एक बाजू काळी, दुसरी गोरी असं काही नाही.

शाळेत ज्या मुलाला "तू मूळचा कुठला?" असा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, त्याला ही वेस ओलांडताना काय वाटत असेल? कदाचित काहीच नाही. कदाचित खूप काही. आपण विचारल्याशिवाय ते कळणार मात्र नाही.

धर्मसंकट

'द विचर ३' (२०१५) हा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेला आहे. त्यातली भुतंखेतं स्लाव्ह लोककथांतली आहेत. भर दुपारी शेतात फिरणारी हडळ, विहिरीवरचं भूत... आपल्या कोकणातल्या मंडळींना घरच्यासारखं वाटेल! पोलंडला आपल्या या कथांचा इतका अभिमान, की २०११ मध्ये बराक ओबामा तिथे गेले तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी दिलेल्या भेटवस्तूंमध्ये या मालिकेतला दुसरा खेळ होता.

या खेळात एका झाडाखाली एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोड, मी जंगलातल्या अनाथ मुलांना वाचवतो. सोडलं तर मुलं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं आणि एका आईचा जीव जातो. नाही सोडलं तर मुलं जातात. आणि हे सगळं लगेच कळत नाही, कितीतरी तास पुढे गेल्यावर कळतं. 'बरोबर उत्तर' नावाचं बटण कुठेच नाही. अर्जुनाचा पेच समजावून सांगायला याहून बरी सुरुवात कोणती? (मात्र हा खेळ मोठ्यांसाठीच आहे, त्याबद्दल पुढे.)

'एल्डन रिंग' (२०२२) या जपानी खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी इंग्रजी कल्पनारम्य पुस्तकं वाचायचे. बराचसा मजकूर कळायचा नाही, मग राहिलेल्या जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरायचे. म्हणूनच त्यांचे खेळ गोष्ट पूर्ण सांगत नाहीत, तुकडे विखरून ठेवतात. आजीची मराठी अर्धी समजून उरलेली मनाने जुळवणारी आपली नातवंडं यात पटाईत असणारच!

"बाहेर मित्र नाहीत, आत आहेत"

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. स्नायू झिजत जाण्याच्या ड्युशेन या आजाराने तो लहानपणीच चाकाच्या खुर्चीला खिळला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात तो हजारो तास घालवायचा. आईवडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला मैत्री कळलीच नाही. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली, आणि देशोदेशीहून ईमेल यायला लागले. तिथे तो 'इबेलिन' नावाचा धिप्पाड, प्रेमळ गडी होता. कुणाला त्याने नैराश्यात धीर दिला होता, कुणाचं आपल्या मुलाशी तुटलेलं नातं जोडायला मदत केली होती. काही मित्र दुसऱ्या देशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. २०२४ मध्ये त्याच्यावर एक माहितीपट प्रदर्शित झाला.

या गोष्टीचा अर्थ 'खेळू द्या किती हवं तेवढं' असा घेऊ नये. पण आईवडील जवळच्याच खोलीत होते आणि मुलाचं अर्धं आयुष्य त्यांना त्याच्या मागे कळलं, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. तुमच्या-आमच्या घरातही ती खोली आहे, आणि ती फार लांब नाही.

काळजी कुठे करायची?

आता पालक म्हणून चार कामाच्या गोष्टी.

१. वयाचा शिक्का बघा. अमेरिकेत ईएसआरबी आणि युरोपात पेगी ही मानांकनं डब्यावर छापलेली असतात. 'स्कायरिम' आणि 'विचर ३' यांना अमेरिकेत १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील असा शिक्का आहे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' अमेरिकेत १० आणि युरोपात १२ वर्षांपासून पुढे. 'सगळे खेळतात' हा मुलांचा दावा आणि डब्यावरचा शिक्का यात शिक्क्याचं ऐका.

२. पैसे कुठे जातात ते बघा. वर सांगितलेले बहुतेक खेळ एकदा विकत घेतले की झाले. पण 'गेनशिन इम्पॅक्ट' (२०२०) सारखे खेळ फुकट मिळतात आणि आत लॉटरीसारख्या सोडती असतात. हवं ते पात्र मिळेपर्यंत पैसे टाकत राहायचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत या खेळाच्या कंपनीने २ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, अशी अटही त्यात होती. क्रेडिट कार्ड खेळाला जोडून ठेवू नका.

३. हाक कधी मारायची ते शिका! 'स्कायरिम' जवळजवळ कुठेही थांबवून सेव्ह करता येतो, त्यामुळे "दोन मिनिटं" म्हणजे दोनच मिनिटं. 'एल्डन रिंग'मध्ये लढाई मधेच थांबवता येत नाही. आणि ऑनलाइन मोहिमेत मूल उठून गेलं तर बरोबरच्या सगळ्यांचा डाव बुडतो. म्हणून जेवणाची वेळ आधी अर्धा तास सांगून ठेवा, निम्मी भांडणं मिटतील. अनोळखी माणसांशी काय बोलायचं नाही, हेही तेव्हाच ठरवून टाका.

४. सवय आणि आजार यातला फरक ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसॉर्डर'चा समावेश झाला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिची तीन लक्षणं अशी: खेळावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणं किंवा वाढवणं. त्यामुळे अभ्यास, घर, मैत्री यांची गंभीर हानी होत असेल आणि हे साधारण वर्षभर दिसत असेल, तर त्याला आजार म्हणतात. सुटीत तीन दिवस खेळणारं मूल आजारी नव्हे. पण ज्याची झोप, जेवण आणि जुने मित्र सुटत चालले आहेत, त्याच्यासाठी वर्षभर वाट बघायचं कारण नाही. डॉक्टरांशी बोला, त्यात लाज कसली?

एक विनंती

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. तो खुल्या दुनियेचा नाही, पण त्यात एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला सोडवायला राक्षसांशी लढते, आणि आसपास देऊळ, दुर्गा, विष्णू असं सगळं आपलं आहे. मुलांबरोबर पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेणार असाल तर सुरुवातीला बरा. आणि वयाचं म्हणाल, तर १९३६ मध्ये जन्मलेल्या शर्ली करी या अमेरिकन आजी 'स्कायरिम' खेळतानाचे व्हिडिओ करून जगप्रसिद्ध झाल्या. आपल्या प्रेक्षकांना त्या चक्क नातवंडं म्हणतात! तेव्हा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांनीही संकोच करू नये.

येत्या शनिवारी आमची एक विनंती आहे. "बंद कर ते" म्हणण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा आणि विचारा, "हे गाव कुठलं? तू इथे कोण आहेस? हे लोक तुला काय म्हणून ओळखतात?" उत्तर अर्धं इंग्रजीत येईल, नावं जिभेवर बसणार नाहीत, पण मूल सांगत जाईल. तुमचा रस बघून कदाचित तो विंडहेमची वेस ओलांडून दाखवेल. तेव्हा तुम्हीही त्याला सांगा, या देशात पहिल्यांदा उतरलात तेव्हा विमानतळावर काय काय विचारलं होतं ते. ती गोष्ट त्याने अजून ऐकलेली नसण्याची बरीच शक्यता आहे.

आणि हो, वरणभात गरम करायला मायक्रोवेव्ह आहेच!